उंदीर दुसऱ्यांदा का फसत नाही?

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे, फक्त वाक्यं थोडी नीट केली आहेत.)

रिसोडहून बोलतोय. आजचा विषय वरवर पाहता शेतातला आहे, पण त्याचं दुसरं टोक थेट मेंदूच्या रसायनांपर्यंत जातं. मधल्या वाटेवर युद्धकाळातलं ऑक्सफर्ड लागेल, सॅन फ्रान्सिस्कोची एक नौदल प्रयोगशाळा लागेल, मुंबईतल्या कुलाब्याच्या माशा लागतील आणि शेवटी कॅन्सरच्या वॉर्डातलं आइस्क्रीम लागेल. प्रश्न मात्र एकच आहे: एखादी गोष्ट वाईट आहे हे जनावर एकदाच शिकतं आणि मग विसरत नाही, ते कसं?

आपल्याकडे म्हण आहे, दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. या म्हणीत दोन गोष्टी आहेत. एक, एकदाच पोळलं तरी पुरतं. दोन, शिक्षा दुधानं केली, पण संशय ताकावरही जातो. विज्ञानाला या दोन गोष्टी नीट सिद्ध करायला विसाव्या शतकाचा बराच भाग लागला. आणि सुरुवात झाली उंदरांपासून.

शेतातल्या दोन शाळा

रिसोड तालुक्यात सोयाबीन, तूर, हरभरा, हळद ही पिकं. रानडुक्कर आणि रोही यांचा त्रास कुणाला नवीन नाही. बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी सांगतो, रोही म्हणजे नीलगाय. रात्रभर जागल करायची नाहीतर कुंपणाला झटका मशीन लावायची, हे दोन पर्याय. झटका मशीन सोलरवर चालते. तारेत हजारो व्होल्टचा ठोका सोडते, पण सेकंदाच्या अगदी बारीक अंशापुरता, साधारण सेकंदाला एकदा. जनावराला जोरात बसतो, पण जीव जात नाही. ते मागे उडी मारतं, पळतं, आणि पुन्हा त्या तारेजवळ यायला कचरतं.

ही झाली पहिली शाळा. दुसरी शाळा बांधावरच्या बिळाजवळ भरते. तिथे उंदीर आणि घुशीसाठी औषध ठेवलेलं असतं. आपण त्याला औषध म्हणतो, पण ते विष आहे. बहुतेक वेळा झिंक फॉस्फाईड: काळसर भुकटी, लसणासारखा वास. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की त्यातून फॉस्फिन वायू निघतो. काही तासांत काम होतं. ज्या उंदरानं पुरेसं खाल्लं तो गेला. ज्यानं चाखून सोडलं, तो आजारी पडला आणि वाचला, तो मात्र पुन्हा त्या खाण्याला तोंड लावत नाही.

म्हणून कृषी विभागाच्या शिफारशीत एक पायरी असते. आधी दोन-तीन दिवस नुसतं भरडलेलं धान्य, त्याला थोडं गोडेतेल चोळून, बिनविषारी ठेवायचं. उंदीर खायला लागले की मग त्याच मिश्रणात शंभराला दोन-अडीच भाग विष. आणि हे वारंवार करायचं नाही, कारण उरलेले उंदीर शहाणे झालेले असतात. त्यानंतर लागलं तर ब्रोमॅडिओलोनसारखं, सावकाश मारणारं विष वापरायचं.

ही पायरी कुठून आली? आणि ती का चालते? या दोन प्रश्नांत आजचा सगळा इतिहास आहे.

युद्ध, गोदामं आणि उंदीर

उंदरांशी लढाई आपल्याला नवी नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं आणि पुढच्या काही वर्षांत उंदीर हा सरकारी फायलींचा विषय झाला. मुंबई महापालिकेत आजही रात्री टॉर्च आणि काठी घेऊन उंदीर मारणारे कामगार आहेत. काठीचा एक गुण असा, की तिची चव कुणाला कळत नाही. मेलेलं जनावर काही शिकत नाही. शिकतं ते वाचलेलं. विषाची सगळी अडचण इथेच आहे.

ही अडचण शास्त्रीय पद्धतीनं मोजली गेली दुसऱ्या महायुद्धात. ब्रिटनमध्ये अन्नधान्याचा तुटवडा, गोदामांत उंदीर. ऑक्सफर्डमध्ये चार्ल्स एल्टन यांच्या संस्थेनं, म्हणजे ब्युरो ऑफ ॲनिमल पॉप्युलेशननं, हे काम अंगावर घेतलं. त्यांच्या लक्षात आलं की उंदीर नवीन वस्तूला घाबरतो. डबा नवा असला तरी तो दोन दिवस लांबून वास घेतो. खाल्लं तरी एकदम पोटभर खात नाही, थोडं कुरतडून थांबतो. म्हणून आधी बिनविषारी आमिष ठेवून त्याची भीड मोडायची, हा उपाय त्यांनी पद्धतशीर बसवला. आपल्या कृषी सहायकाच्या पत्रकातली ती पायरी म्हणजे याच उपायाची शेतातली आवृत्ती.

त्याच काळात अमेरिकेत बाल्टिमोरला कर्ट रिक्टर हे मानसशास्त्रज्ञ उंदरांच्या चवीवर प्रयोग करत होते. एका कडू रसायनानं त्यांचे उंदीर मेले, त्यातून त्यांना उंदीर मारण्याचं एक नवं विष सापडलं, आणि शहरानं ते मोहिमेत वापरलं. त्यांनाही तेच दिसलं. अर्धवट डोस खाऊन वाचलेला उंदीर पुढे ते विष टाळतो, आणि ते ज्या खाण्यात कालवलं होतं ते खाणंही टाळतो. ताक फुंकून पिणं म्हणतात ते हेच. पुढे १९५३ मध्ये रझोस्का नावाच्या संशोधकानं या आमिषाच्या धास्तीवर सविस्तर निबंध लिहिला.

आता गंमत बघा. उंदीर मारणाऱ्यांना ही गोष्ट पक्की माहीत होती. पण मानसशास्त्राच्या पुस्तकांना ती मान्य नव्हती.

कारण पुस्तकं पावलोव्हची होती. कुत्रा, घंटा, खाणं, लाळ. त्या प्रयोगांतून दोन नियम निघाले होते. पहिला, दोन गोष्टी मनात जोडल्या जायच्या तर त्या लागोपाठ घडल्या पाहिजेत, काही सेकंदांच्या आत. दुसरा, कुठलीही खूण कुठल्याही परिणामाशी जोडता येते. घंटा असो, दिवा असो, चव असो, सगळं सारखंच. उंदीर मात्र आता खातो आणि तासा-दोन तासांनी आजारी पडतो. मधल्या वेळात त्यानं शंभर गोष्टी पाहिल्या, ऐकल्या, हुंगल्या. तरी दोष तो बरोबर खाण्यालाच देतो. नियमाप्रमाणे हे व्हायला नको होतं.

गार्सिया आणि प्लास्टिकची बाटली

हा नियम मोडला जॉन गार्सिया यांनी. १९१७ चा जन्म, कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरी करणाऱ्या स्पॅनिश स्थलांतरित घरातला मुलगा. अणुयुगाच्या सुरुवातीच्या त्या काळात ते सॅन फ्रान्सिस्कोच्या नौदल प्रयोगशाळेत किरणोत्सर्गाचा जनावरांवर काय परिणाम होतो हे पाहत होते. उंदरांना किरणं देण्याच्या खोलीत ठेवायचे, मग परत पिंजऱ्यात. हळूहळू दिसलं, की किरणांच्या खोलीत उंदीर पाणी कमी पितात, घरच्या पिंजऱ्यात मात्र नीट पितात. कारण काय, तर त्या खोलीतल्या पाण्याच्या बाटल्या प्लास्टिकच्या होत्या आणि घरच्या काचेच्या. प्लास्टिकची किंचित चव पाण्याला लागत होती. किरणांनी पोट बिघडत होतं आणि दोष त्या चवीवर जात होता.

१९५५ मध्ये त्यांनी सॅकरिनचं गोड पाणी वापरून हे स्वच्छ दाखवलं. मग १९६६ मध्ये तो प्रयोग आला, जो मला रिसोडच्या बांधावर उभं राहून समजावून सांगायला सगळ्यात सोपा वाटतो.

उंदरांना असं पाणी दिलं ज्याला चव पण होती आणि जिभेनं चाटताच दिवा लागायचा, आवाज व्हायचा. म्हणजे एकाच घोटात चव, उजेड आणि आवाज. मग काही उंदरांना आजारी पाडलं, काहींना पायाला विजेचा झटका दिला. नंतर तपासलं, कोण काय टाळतं. जे आजारी पडले त्यांनी चव टाळली, उजेड-आवाजाचं पाणी खुशाल प्यायले. ज्यांना झटका बसला त्यांनी उजेड-आवाज टाळला, चवीचं पाणी खुशाल प्यायले.

आता आपल्या शेतातल्या दोन शाळा आठवा. झटका मशीन जनावराला तार शिकवते, जागा शिकवते. रोही तारेला भ्यायला शिकतो, पण म्हणून सोयाबीन त्याला नावडतं होत नाही. तार तुटली की तो आत. विष मात्र चव शिकवतं. उंदीर त्या जागेला भीत नाही, त्याच बिळात राहतो, फक्त ते खाणं सोडतो. मेंदूत या दोन शिकवण्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. कातडीला झालेली इजा बाहेरच्या जगाशी जोडायची, पोटाला झालेली इजा तोंडातून आत गेलेल्या गोष्टीशी. कुठल्याही खुणेला कुठलाही परिणाम जोडता येतो, हा नियम गेला.

सेकंदांचा नियमही गेला. त्याच वर्षी गार्सिया आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की चव आणि आजारपण यांत तासाभराचं अंतर असलं तरी उंदीर शिकतो. हे काम मोठ्या नियतकालिकांनी नाकारलं होतं. एका नामवंत संशोधकानं तर कुकू-घड्याळातल्या लाकडी पक्ष्याची विष्ठा सापडण्याइतकंच हे संभवतं, अशा अर्थाची टिंगल केली. गार्सिया शांतपणे प्रयोग करत राहिले.

आणि हा फक्त उंदराचा प्रकार नाही. पक्षी डोळ्यांनी खाणं ओळखतात, म्हणून ते रंगाशी आजारपण जोडतात. १९७१ मध्ये लावा पक्ष्यांवर हे दाखवलं गेलं. आपल्याकडे रुईच्या झाडावर वाढणारं केशरी फुलपाखरू आहे, बिबळ्या कडवा. रुईच्या चिकातलं विष त्याच्या अंगात साठतं. त्याच्या अमेरिकन भाऊबंदावर, मोनार्कवर, लिंकन ब्रोअर यांनी प्रयोग केले होते. ब्लू जे पक्ष्यानं एकदा ते खाल्लं, उलटी केली, आणि पुढे तसं फुलपाखरू नुसतं दिसलं तरी तोंड फिरवलं. कडव्याचा भडक रंग म्हणजे त्याच्या विषाची पाटी आहे. पक्ष्याच्या आठवणीवर त्या फुलपाखराचा जीव टिकून आहे.

पोटातून मेंदूकडे

आता रसायनांकडे येतो. थोडं सावकाश घेऊ.

उंदराला उलटी करता येत नाही. त्याच्या शरीराची रचनाच तशी आहे. म्हणजे विष आत गेलं की बाहेर काढायचा सोपा मार्ग बंद. म्हणून त्याचा सगळा भरवसा दोन गोष्टींवर: चाखून बघणं आणि लक्षात ठेवणं. त्यासाठी मेंदूत तीन कामं व्हावी लागतात.

पहिलं काम, चवीची नोंद. ती मेंदूच्या इन्सुलर कॉर्टेक्स नावाच्या पट्ट्यात होते. चव नवीन असेल तर तिथे ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन जास्त सुटतं. चव ओळखीची होत गेली की ते कमी कमी सुटतं. एका अर्थानं ॲसिटिलकोलीन ही मेंदूची लाल शाई आहे: ही चव नवीन आहे, हिच्यावर लक्ष ठेवा. १९९६ मध्ये इस्रायलच्या याडिन दुदाई यांच्या प्रयोगशाळेत, चव घेतानाच या भागात ॲसिटिलकोलीनचं काम अडवणारं औषध सोडलं. त्या उंदरांना मग आजारी पाडूनही त्यांच्या मनात त्या चवीची शिसारी बसली नाही. लाल शाईनं नोंदच झाली नव्हती, तर दोष कुणाला देणार?

दुसरं काम, पोट बिघडल्याची बातमी. ती दोन वाटांनी येते. एक व्हेगस नस, जी आतड्यापासून मेंदूच्या बुडाशी जाते. दुसरी मेंदूच्या तळाशी असलेला एक छोटा भाग, जिथे रक्त आणि मेंदूमधली नेहमीची भिंत पातळ असते, त्यामुळे रक्तातलं विष तिथे लगेच कळतं. तिथून बातमी पुढे जाते. २०१५ मध्ये उंदरांत दाखवलं गेलं की या वाटेवरच्या एका ठरावीक प्रकारच्या चेतापेशी नुसत्या चालू केल्या, तर खरं आजारपण नसतानाही चवीची शिसारी बसते.

तिसरं काम, दोन्ही नोंदी जोडणं. यात अमिग्डाला येतो, ग्लुटामेट आणि नॉरॲड्रेनलिन येतात. जोड पक्की करायला पेशींना नवीन प्रथिनं बनवावी लागतात. १९९३ मध्ये दुदाई यांच्याच गटानं दाखवलं की त्या वेळी इन्सुलर कॉर्टेक्समध्ये प्रथिनं बनणं थांबवलं तर शिसारी टिकत नाही. आणि आणखी एक विलक्षण गोष्ट: चव घेतल्यावर जनावराला भूल दिली आणि भुलेत असतानाच पोट बिघडवलं, तरी ते शिकतं. म्हणजे ही जोड जागेपणी विचार करून होत नाही. म्हणूनच ती इतकी हट्टी असते. ‘अरे, तो वडा वाईट नव्हता, तुला तापच आला होता,’ असं कितीही समजावलं तरी जीभ ऐकत नाही, ती यामुळे.

आता आमिषाच्या पायरीचं कोडं सुटतं. बिनविषारी धान्य दोन-तीन दिवस ठेवल्यानं भीड तर मोडतेच, पण त्याबरोबर ती चव ओळखीची होते. लाल शाई वाळते. मग विष मिसळलं की उंदीर एकदम भरपूर खातो, आणि चुकून वाचलाच तर दोष त्या ओळखीच्या चवीवर चटकन बसत नाही. ओळखीच्या माणसावर संशय उशिरा येतो, तसंच.

सावकाश मारणाऱ्या विषाचंही असंच आहे. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत कुजलेला चारा खाऊन गुरं रक्तस्राव होऊन मरत होती. विस्कॉन्सिनमध्ये कार्ल लिंक यांनी त्यातलं रसायन शोधलं, त्यातून १९४८ मध्ये वॉरफेरिन हे उंदराचं विष आलं. पुढे तेच माणसाचं रक्त पातळ ठेवणारं औषध झालं. ते काही दिवसांनी परिणाम करतं. उंदीर तासांचं अंतर ओलांडून दोष देऊ शकतो, दिवसांचं नाही. ब्रोमॅडिओलोन त्याच घराण्यातलं. विष बनवणाऱ्यांनी उंदराच्या आठवणीची कड अशी व्यवहारातून गाठली होती, गार्सियाच्या प्रयोगाच्या आधीच.

कुलाब्याच्या माशा

आता महाराष्ट्रात येऊ. कारण या रसायनांमागची जनुकं शोधण्याच्या कामात मुंबईचा हात आहे, आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही.

१९६२ मध्ये होमी भाभांच्या बोलावण्यावरून ओबेद सिद्दीकी नावाचे तरुण शास्त्रज्ञ टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये आले आणि तिथे रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा राहिला. कुलाब्याच्या टोकाला, समुद्राकाठी. १९७० च्या दशकात ते कॅलिफोर्नियाला सीमोर बेंझर यांच्याबरोबर फळमाशीवर काम करून आले. फळमाशी म्हणजे पिकलेल्या केळ्यावर घोंगावणारी ती बारीक माशी.

बेंझर यांच्या प्रयोगशाळेनं १९७४ मध्ये दाखवलं होतं की माशीला शिकवता येतं. दोन वास द्यायचे, एका वासाबरोबर झटका. नंतर माशी तो वास टाळते. झटका मशीनच, फक्त टाचणीच्या डोक्याएवढ्या जनावरासाठी. १९७६ मध्ये त्यांना अशी माशी सापडली जी हे शिकतच नव्हती. वास येत होता, झटका कळत होता, पण जोड बसत नव्हती. तिचं नाव ठेवलं डन्स, म्हणजे ढ. हा शोध लावणाऱ्यांत पहिलं नाव होतं याडिन दुदाई यांचं. तेच, जे पुढे उंदराच्या चवीकडे वळले.

डन्समध्ये बिघाड होता तो सायक्लिक एएमपी नावाचं रसायन मोडणाऱ्या एन्झाइममध्ये. ते रसायन पेशीत साठत राहायचं. पुढे रुटाबागा नावाची दुसरी ढ माशी मिळाली, तिच्यात तेच रसायन नीट तयार होत नव्हतं. जास्त झालं तरी शिकणं बिघडतं, कमी झालं तरी बिघडतं. भाजीतल्या मिठासारखं. आणि एरिक कँडेल यांना समुद्री गोगलगायीत, तिच्या इजेच्या आठवणीत, तेच रसायन सापडलं होतं. त्यांना २००० साली नोबेल मिळालं. माशी आणि गोगलगाय इतक्या लांबच्या, पण इजा लक्षात ठेवायची शाई एकच.

मुंबईत सिद्दीकी आणि त्यांची विद्यार्थिनी व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी एक पायरी मागे जाऊन प्रश्न विचारला: माशीला वास आणि चव मुळात कळते कशी? व्हेरोनिका गोवेकर घराण्यातल्या, जन्म केनियातला. डब्लिनमध्ये शिकत असताना सिद्दीकींचं काम वाचून त्या मुंबईला आल्या. १९७८ मध्ये दोघांनी वास आणि चव यांत बिघाड असलेल्या माशा शोधल्याचं जाहीर केलं. त्यासाठी त्यांनी साध्या युक्त्या वापरल्या. इंग्रजी वाय आकाराची नळी, एका फाट्यात वास, दुसऱ्यात नाही, माशी कुठे जाते ते बघायचं. साखर आवडते का, क्विनाइनचा कडवटपणा टाळते का, ते बघायचं. माशीच्या वास-चवीच्या जनुकशास्त्राची ही सुरुवातीची पायाभरणी होती, आणि ती कुलाब्यात झाली.

इथे एक फरक लक्षात ठेवू. क्विनाइन टाळणं जन्मजात आहे. ते शिकावं लागत नाही. वासाला झटक्यामुळे टाळणं हे शिकलेलं. पहिलं कळल्याशिवाय दुसरं नीट मोजताच येत नाही. एखादी माशी ‘विसरली’ म्हणण्याआधी तिला वास येतो का, हे आधी पाहावं लागतं. सिद्दीकी आयुष्याच्या उत्तरार्धात या दुसऱ्या प्रश्नाकडेही आले. २००९ मध्ये, वयाच्या सत्याहत्तरीत, त्यांचा आणि सहकाऱ्यांचा निबंध आला, माशीच्या अळीला एखादा वास टाळायला शिकवण्यावर. व्हेरोनिका २०१० मध्ये गेल्या, सिद्दीकी २०१३ मध्ये. बंगळुरूची एनसीबीएस ही संस्था टीआयएफआरच्या याच कामातून उभी राहिली.

दरम्यान, २००३ मध्ये जर्मनीतल्या एका गटानं माशीत दाखवलं की झटक्याची आठवण बसायला डोपामिन लागतं. डोपामिन म्हणजे फक्त आनंदाचं रसायन, असं व्हॉट्सॲपवर फिरतं ना, ते एवढं सरळ नाही. माशीच्या मेंदूत शिक्षेचा शिक्काही डोपामिनच मारतं.

पुसता येईल का?

२००७ मध्ये दुदाई आणि सहकाऱ्यांनी एक खळबळजनक प्रयोग केला. उंदरांना एक चव शिकवली, शिसारी बसवली, काही आठवडे जाऊ दिले, आणि मग इन्सुलर कॉर्टेक्समध्ये एक रसायन सोडलं. आठवण पुसली गेली. उंदीर ते पाणी पुन्हा पिऊ लागले. पीकेएम-झेटा नावाचं एक एन्झाइम आठवण टिकवून धरतं आणि ते रसायन त्यालाच अडवतं, असा त्यांचा अर्थ. पण २०१३ मध्ये दोन गटांनी ते एन्झाइम मुळातच नसलेले उंदीर तयार केले, तर त्यांची स्मरणशक्ती ठीक निघाली, आणि ते रसायन त्यांच्याही आठवणी पुसत होतं. म्हणजे पुसणं खरं, कारण मात्र वेगळं. इतिहास असाच पुढे सरकतो.

पुसण्याची गरज कुणाला आहे? ज्याची शिसारी त्याच्याच जिवावर उठते त्याला. १९७८ मध्ये सिॲटलला इलीन बर्नस्टीन यांनी कॅन्सरच्या मुलांना केमोथेरपीच्या आधी एका नवीन चवीचं आइस्क्रीम दिलं. नंतर ते आइस्क्रीम पुन्हा पुढे केलं, तर त्या मुलांनी इतर मुलांच्या मानानं ते फार जास्त नाकारलं. त्यातल्या थोड्या मोठ्या मुलांना मळमळ औषधाची आहे हे माहीत होतं. तरी जीभ ऐकली नाही.

हे मी मुद्दाम सांगतोय. आपल्या भागातून केमोसाठी लोक अकोल्याला, नागपूरला, मुंबईला जातात. जायच्या सकाळी घरचे प्रेमानं आवडीचं करून घालतात. पुरणपोळी, शिरा, जे आवडतं ते. आणि मग पेशंट तेच नको म्हणतो, वजन उतरतं, घरचे रुसतात: ‘एवढं केलं, तरी खात नाही.’ तो नखरा नाही. ते उंदराचंच जुनं रसायन आहे. बर्नस्टीन यांनी पुढे एक उपाय तपासला. जेवण आणि औषध यांच्या मध्ये एक वेगळ्याच तीव्र चवीची गोळी द्यायची. बळीचा बकरा. शिसारी त्या गोळीवर बसते आणि जेवण बरंचसं वाचतं. डॉक्टरांना विचारून करण्यासारखी गोष्ट आहे. आणि मळमळीवर ऑनडानसेट्रॉन नावाचं औषध देतात, ते काय करतं? केमोमुळे आतड्यातून सेरोटोनिन सुटतं, ते व्हेगस नसेला चिथावतं. हे औषध तिथला निरोपच अडवतं. बातमी वर गेली नाही तर दोष द्यायचा प्रश्न कमी होतो. म्हणून मळमळ होण्याआधी गोळी घ्यायला सांगतात, ती वेळ पाळा.

उलटी बाजू पण आहे. शिसारी मुद्दाम बसवता येईल का? डायसल्फिराम नावाच्या गोळीवर दारू प्याली की शरीरात ॲसिटाल्डिहाइड साठतं, छाती धडधडते, उलट्या होतात. १९४८ पासून हे माहीत आहे. हे औषध पेशंटला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीतच द्यायचं असतं. गुपचूप भाजीत, चहात घालायचं नाही. रक्तदाब एकदम खाली जाऊन जीव जाऊ शकतो. आणि शास्त्रही तुमच्या बाजूनं नाही. दारूची चव त्या माणसाला हजार वेळा ओळखीची झालेली असते. ओळखीच्या चवीवर दोष चटकन बसत नाही, हे आपण बिळाजवळ पाहिलं.

तसंच झटक्याचं. घरच्या मीटरवरून कुंपणात थेट करंट सोडणं बेकायदेशीर आहे, आणि त्यानं विदर्भात माणसं मेली आहेत, पाणी द्यायला निघालेले शेजारी मेले आहेत. शेताच्या हिशेबानंही ते चूक आहे. मेलेलं डुक्कर काही शिकत नाही, त्याच्या जागी दुसरं येतं, ज्याला तारेची काहीच माहिती नाही. झटका मशीननं वाचवलेलं जनावर मात्र तार लक्षात ठेवतं. तुमच्या कुंपणाची राखण जनावराची आठवण करत असते, त्यासाठी ते जिवंत असावं लागतं.

शेवटी, शिसारी जाते कशी? बहुतेक वेळा ती पुसली जात नाही. थोडं थोडं, चांगल्या दिवशी, चांगल्या संगतीत तेच खाल्लं की तिच्या शेजारी नवी नोंद होते: ‘या वेळी काही झालं नाही.’ अशा नोंदी वाढत गेल्या की जुनी मागे पडते, पण तळाशी राहते, कधीतरी डोकं वर काढते. घरात आजारातून उठलेलं कुणी असेल, तर त्याच्या ताटात एक घास वाढा, आग्रह करू नका, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एक वाढा.

या भागाबद्दल तुमच्या शेतातले, घरातले अनुभव असतील तर नक्की कळवा. विशेषतः जागलीचे. पुढच्या भागात भेटू. तोवर, राम राम.